बिडीचा खोकला

सोलापूर भागातल्या एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, मी काउन्सेलर आहे. गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचेच असतात, खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का. दिवसाला इतक्या वेळा विचारते की कधीकधी समोरच्याचं उत्तर यायच्या आधीच पेन "नाही" वर टेकलेलं असतं.

मागच्या हिवाळ्यात एक मामा आले, पन्नाशीचे, दहाएक वर्षांपासून आमच्याकडे. एकदम नियमित पेशंट, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण दबलेलं, टीबी होऊ नये म्हणून देतात तो सहा महिन्यांचा गोळ्यांचा कोर्सही पूर्वीच झालेला. त्यामुळे त्यांची काळजी अशी वाटायचीच नाही. मी विचारलं, "मामा खोकला?" म्हणाले, "नाही." तर शेजारी बसलेली मामी एकदम बोलली, "नाही कसं ओ? रात्रभर खोकतेत की मॅडम, मला झोप नाही."

मामा म्हणाले, "ते बिडीचं हाय ओ. तुम्ही आजाराचा खोकला इचारताव की."

माझ्या पोटात धस्स झालं. कार्ड मागे उलटून पाहिलं, वजन ५८, मग ५७, मग ५५, आणि तिन्ही वेळा खोकल्यापुढे माझ्याच अक्षरात "नाही". मामा खोटं बोलत नव्हते, वीस-पंचवीस वर्षं रोज दीड बंडल ओढणाऱ्या माणसाला सकाळचा खोकला म्हणजे तोंड धुण्यासारखाच, तो कोण सांगत बसणार. आणि मीही कधी बिडीचं नावच काढलं नव्हतं, गोळी चुकली का, दारू घेता का, हे सगळं विचारत होते पण बिडी राहून जायची.

बेडका घेऊन लगेच सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर, पाठवला. एचआयव्हीत साध्या तपासणीत बेडक्यात जंतू बऱ्याचदा दिसतच नाहीत, एक्स-रेही फसवतो, म्हणून हे मशीन. त्याच दिवशी रिपोर्ट आला, टीबी निघाला. टीबीचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन चालतंय एवढाच दिलासा.

एचआयव्हीमुळे टीबीचा धोका कितीतरी पट असतो हे आमच्या सगळ्या पेशंटना पाठ आहे. पण बिडी-सिगारेटनं तो आणखी साधारण दुपटीनं वाढतो, धुरानं फुप्फुसाची स्वतःची साफसफाई आणि जंतू गिळणाऱ्या पेशी दोन्ही लुळ्या पडतात, हे मी मामांना त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दहा वर्षांत पहिल्यांदा! ते नुसतं ऐकत राहिले आणि म्हणाले, "एचआयव्हीला बिडी चालत नाही असं कुणी म्हणलंच नव्हतं."

उपचार सुरू झाले, दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचा असर कमी होतो म्हणून संध्याकाळी त्याची एक जादा गोळी, ती मामांनी एकदाही चुकवली नाही. टीबी पेशंटच्या आहारासाठी सरकार देतं ते निक्षयचे महिन्याचे हजार रुपये आले की मामी अंडी आणते.

बिडी मात्र सुटायला अवघड, कारण मामी घरी बिड्याच वळते. घरी गेले होते तेव्हा मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, बोलता बोलता बोटं चालूच, नखानं टोक दाबायचं आणि दोरा गुंडाळायचा. हजार बिड्या झाल्या की मजुरी. तिला हे काम सोड म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मामींचीही टीबीची तपासणी करून घेतली, काही निघालं नाही. तीच म्हणाली, "मी वळते आन् हेच ओढतेत, कुणाला सांगू?" तिच्या डोळ्यात पाणी होतं.

बंडलावर छापलेल्या तंबाखू सोडवायच्या हेल्पलाइनवर, १८००-११-२३५६ वर, मामांना माझ्यासमोरच फोन लावून दिला. मध्ये दहा दिवस पूर्ण बंद होती, मग भावकीत मयत झाली आणि परत सुरू. मी रागावले नाही. रागावलं की माणूस पुढच्या वेळी खोटं सांगतो आणि मग माझं कार्ड परत "नाही"नं भरतं.

आता मी सगळ्यांनाच वेगळं विचारते, "बिडीचा का असेना, खोकला येतो का?" आणि सोबत कुणी आलेलं असेल तर पेशंटला विचारून त्यांनाही विचारते.

परवा मामा आले, वजन ५९. शर्टाच्या खिशात बंडलाचा फुगवटा होताच. मी विचारलं, "सकाळची पहिली बिडी किती वाजता?" पूर्वी डोळे उघडले की अंथरुणातच लागायची.

"आता नऊ वाजतेत," म्हणाले, "च्या झाल्यावर."

मी कार्डावर लिहून घेतलं, पहिली बिडी ९ वाजता.