तिथीची पाऊणपट

मित्राच्या अस्थी घेऊन आम्ही सकाळी नऊला दिवाळे गावच्या जेट्टीवर पोचलो तर समोर पाणीच नाही. नुसता काळा चिखल, त्यात होड्या एका कुशीवर कलंडलेल्या. गुरुजींनी अकराच्या आत उरका म्हणून सांगितलेलं. तिथे जाळं शिवत बसलेल्या काकांनी आमच्याकडे, मग हातातल्या कलशाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज चवथ हाय ना, पानी तीनला भरंल. तिथ बगून नाय यायचं का?"

मित्राचा धाकटा भाऊ फिसकन हसला आणि मग आम्ही सगळेच हसलो, रडतरडतच, कारण हेच वाक्य आम्ही गेली वीस वर्षं त्याच्याकडून ऐकत होतो.

आम्ही त्याला खलाशी म्हणायचो. आता गंमत अशी की गडी सोलापूरचा, समुद्र पहिल्यांदा बघितला तो कॉलेजला आल्यावर, आणि पोहायला शेवटपर्यंत धड आलं नाही. पण नेरुळला राहायला आला, सेकंडहँड सायकल घेतली आणि पामबीच रोडवर रोज पहाटे वाशी ते बेलापूर करता करता कुठल्यातरी कोळ्याकडून त्याला ते गणित मिळालं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा, पौर्णिमा नि अमावस्येला बाराच्या आसपास आणि वर उधाण. पंधरवड्याला परत पहिल्यापासून. झालं, त्या दिवसापासून त्याचं सगळं आयुष्य कालनिर्णयवर. आम्ही वीकेंड बघायचो, हा तिथी.

फ्लेमिंगो बघायचेत? भरती बघून चला, कारण ओहोटीला ते खाडीतल्या चिखलात लांब चरत असतात, पाणी चढलं की चिखल बुडतो मग ते इकडे नेरुळच्या तलावावर येतात. अलिबागला जायचंय? दशमी बघून चला, साडेसातला भरती म्हणजे दोनच्या आत पाणी उतरलेलं, कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं. आणि त्या अलिबागला आम्ही कसे जायचो तर उरणपर्यंत कंटेनरच्या ट्रेलरच्या गर्दीतून जीव मुठीत धरून सायकल मारत, मग करंजाहून लाँचमध्ये सायकली चढवून रेवस. लाँचमध्ये हा बसायचाच नाही, सायकलचा दांडा धरून उभा, तोंड वाऱ्याकडे. आम्ही मागे वडापाव खात.

अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं तेव्हा मात्र जाम चिडला होता. २१.८ किलोमीटर, त्यातला बहुतेक समुद्रावर, आणि सायकलला बंदी. दुचाकीलाही बंदी आहे रे, आम्ही समजावतोय, पण नाहीच. शेवटी एकदा कारने गेला आणि आल्यावर म्हणाला, "काच खाली केली होती पूर्ण. पण पायडल मारल्याशिवाय वास येत नाही."

मग गेल्या वर्षी हार्ट. झोपेत. सायकलवर नाही, समुद्रात नाही, एका साध्या मंगळवारी. त्यावर काय लिहिणार.

साडेबाराला होडी हलली. तोवर आम्ही आठ जण जेट्टीच्या पायरीवर बसून पाणी एकेक पायरी चढताना बघत होतो, चहा दोनदा झाला, गुरुजींना फोन करून सांगितलं की उशीर होतोय, ते म्हणाले चालेल. ओहोटीत इतका वेळ मी त्याच्याबरोबरसुद्धा कधी बसलो नव्हतो, मला कंटाळा यायचा.

वहिनींनी सायकल मला दिली. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने धुवायची आणि चेनला तेल द्यायचं, नाहीतर मीठ खातं तिला, हे त्याने मला शंभरदा सांगितलेलं आणि मी माझ्या सायकलला एकदाही केलं नाही. त्याची करतो. धुताना दिसलं, हँडलच्या दांड्यावर पांढरी डॉक्टरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने प्रतिपदेपासून सगळा तक्ता. घामाने अर्धा पुसलाय. अष्टमीसमोर सहा लिहून, खोडून, परत सहाच लिहिलंय.

या रविवारी नवमी आहे. पावणेसात.