काळ्या दगडाचे फोटो छापताना काळी शाई: माझा अनुभव

वेरूळच्या लेण्यांचे फोटो चार रंगांत (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गुलाबी-जांभळट, यलो म्हणजे पिवळी आणि काळी शाई) छापायचे तर सगळ्यात जास्त त्रास राखाडी रंग देतो. बेसॉल्टचा दगड जवळपास रंगहीन असतो. मॅजेंटा जराशी जास्त बसली की अख्खी भिंत लालसर, कमी बसली की हिरवट. गुलाबाच्या फोटोत एवढा फरक सहज खपून जातो.

याचं मूळ शायांमध्येच आहे. सायन शाईने फक्त लाल प्रकाश शोषायला हवा, पण ती थोडा हिरवा आणि निळाही शोषते. मॅजेंटाचंही तसंच. म्हणून तिन्ही रंग सारख्या टक्क्यांनी छापले की तपकिरी झाक येते. आर्ट पेपरवर मधला राखाडी साधारण सायन 50, मॅजेंटा 40, यलो 40 अशा प्रमाणात जमतो. पण ऑफसेटवर (प्लेटवर शाईबरोबर पाणीही लागणाऱ्या छपाईत) शाई-पाण्याचा तोल हलला की तोही बिघडतो. त्याऐवजी राखाडीचा मोठा वाटा काळ्या शाईच्या प्लेटवर टाकला, तर काळी कमी-जास्त झाल्यावर चित्र फिकं किंवा गडद होतं, दगडाचा रंग बदलत नाही. यालाच जीसीआर (ग्रे कंपोनंट रिप्लेसमेंट) म्हणतात. यूसीआर (अंडर कलर रिमूव्हल) या दुसऱ्या पद्धतीत ही अदलाबदल फक्त गडद, रंगहीन सावल्यांत होते. जीसीआर रंगीत भागातला राखाडी अंशही काढून घेतो.

मी मूळ आरजीबी (लाल-हिरवा-निळा) फाईलपासूनच सुरुवात करतो. एकदा सीएमवायके (छपाईच्या चार शायांत) झालेल्या फाईलमध्ये काळा आधीच कुठे किती घालायचा ते ठरलेलं असतं. प्रेसकडे त्यांच्या कागदाचा प्रोफाईल (त्या कागदावर शाया कशा दिसतात ते सांगणारी फाईल) असेल तर तोच वापरावा. नसेल तर फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये कस्टम सीएमवायके निवडून जीसीआर घेतो. लेण्यांसाठी ब्लॅक जनरेशन (राखाडीचा किती वाटा काळ्यावर टाकायचा ते) मीडियम, माणसांच्या चेहऱ्यांसाठी लाइट. चेहऱ्यावर काळ्याचे ठिपके चढले की त्वचा मळकट आणि खरखरीत दिसते, आणि ते मला अजिबात चालत नाही. एकूण शाई (एका जागी चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज) आर्ट पेपरवर 300 टक्के, न्यूजप्रिंटवर 240. त्याहून जास्त शाई वेळेत वाळत नाही आणि थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते. इन्फो पॅनेल 'टोटल इंक'वर ठेवून सगळ्यात गडद कोपऱ्यांवर कर्सर फिरवून बघावा.

ब्लॅक जनरेशन मॅक्सिमम ठेवणं मात्र टाळावं. गाभाऱ्याच्या अंधारात नुसता काळा उरला की तो धुरकट, सपाट दिसतो. खोली येण्यासाठी खाली तिन्ही रंगांचा थर लागतो. यूसीए (सावल्यांत काळ्याखाली रंग परत घालणारी सेटिंग) थोडं वाढवलं की तो परत मिळतो. शिवाय राखाडी पूर्ण काळ्यावर गेला की मशीनवर सायन-मॅजेंटा हलवून सुधारणा करायला फारसा वाव राहत नाही.

मशीनवर कलर बारमध्ये (कागदाच्या कडेला छापलेल्या तपासणीच्या पट्टीत) 50-40-40 चा चौकोन आणि त्याला लागून 50 टक्के काळ्याचा चौकोन ठेवायला सांगतो. 5000 केल्विनच्या दिव्याखाली दोन्ही सारखेच रंगहीन दिसले पाहिजेत. पहिल्यात झाक दिसली तर आधी तीन रंगांची घनता तपासायची, काळ्याला हात लावायचा नाही. फोटोखालच्या ओळी 100 टक्के काळ्यात, ओव्हरप्रिंट करून (खालचा रंग न कापता त्यावरच छापून). चार रंगांत गेल्या तर रजिस्ट्रेशन (चारही रंग एकमेकांवर नेमके बसणं) केसभर सरकलं तरी अक्षरांना रंगीत कड दिसते.