रिव्हेंडेल ते मॉर्डोर : न्यूझीलंडमध्ये युतीच्या वाटेने

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांच्या चित्रीकरणाच्या जागा बघायला न्यूझीलंडला जाणारे बहुतेक जण ऑकलंडला उतरतात आणि तडक माटामाटाचं हॉबिटन, म्हणजे हॉबिट या ठेंगण्या लोकांच्या गावाचा सेट, गाठतात. आम्ही हॉबिटन मुद्दाम शेवटी ठेवलं. मला या कथेत सगळ्यात जास्त भिडते ती मॉर्डोरचा दुष्ट अधिपती सौरॉन याच्याविरुद्ध झालेली युती. त्याची जादूची अंगठी मॉर्डोरमधल्या ज्वालामुखीत टाकून नष्ट करायची, हे या कथेचं सूत्र. एल्फ (अमर, देखणे वनवासी) आणि ड्वॉर्फ (बुटके खाणकरी) एकमेकांकडे बघायला तयार नाहीत, माणसांच्या दोन राज्यांपैकी रोहान आतून पोखरलंय, गोंडोरला आपल्या मोठेपणाचा ताठा आहे, आणि तरी हे सगळे एकत्र येतात. ही युती जिथे जुळते, जिथे कसाला लागते आणि जिथे सर्वस्व पणाला लावते, त्या जागा कथेच्या क्रमाने बघायच्या असं ठरवलं.

त्यासाठी वेलिंग्टनला उतरायचं. तिथून फेरीने दक्षिण बेटावर पिक्टन (साधारण साडेतीन तास), मग गाडीने दक्षिणेकडे, क्राइस्टचर्चहून विमानाने परत वेलिंग्टन आणि शेवटी रस्त्याने उत्तरेला ऑकलंडपर्यंत. स्मार्टकार्डवरचं आपलं इंग्रजीतलं लायसन्स तिथे चालतं आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते. भाड्याच्या गाडीचा करार मात्र नीट वाचा, खडीच्या रस्त्यांवर विमा लागू आहे का ते आधी विचारून घ्या. चकल्या, लाडू, लोणचं, मसाले, जे काही सोबत असेल ते प्रवेशाच्या फॉर्मवर जाहीर करा. न सांगता नेलेलं सापडलं तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. ट्रेकचे बूटही जाहीर करायचे, आणि तळव्यात सह्याद्रीची माती अडकलेली नको. घरूनच घासून न्या.

वेलिंग्टनहून हायवे 2 ने अप्पर हट ओलांडलं की काइटोके रिजनल पार्क येतं. हेच रिव्हेंडेल, एल्फांचा प्रमुख एलरॉन्ड याचं ठाणं. एलरॉन्डची सभा कथेत इथे भरते आणि चार हॉबिट, दोन माणसं, एक एल्फ, एक ड्वॉर्फ आणि एक जादूगार अशी नऊ जणांची तुकडी अंगठी घेऊन इथून निघते. प्रवेश फुकट. सेट कधीच काढला, आता झाडीत एक नक्षीदार कमान उभी केली आहे, तिच्यासमोर फोटोची रांग लागते. ती टाळून नदीकडे उतरलात तर रिव्हेंडेल जास्त भेटतं. पाणी इतकं नितळ की तळाचा एकेक गोटा वेगळा दिसतो.

आता माउंट संडे, म्हणजे एडोरास, रोहानची राजधानी. वेळ कमी असेल तर बाकी काहीही गाळा, हे गाळू नका. क्राइस्टचर्चहून मेथवेन, माउंट सॉमर्स करत जवळजवळ दोन तास, आणि शेवटचा बराच टप्पा खडीचा. पेट्रोल मेथवेनलाच भरा, पुढे मोबाइलला रेंज नाही, नकाशा आधी उतरवून ठेवा. रांगिटाटा नदीच्या प्रचंड रुंद खोऱ्यात हिमनदीने घासून काढलेली ही एकटी कातळटेकडी उभी आहे. उंची जेमतेम 611 मीटर. वाटेत ओढे लागतात, पाऊस झाला असेल तर पाण्याचा अंदाज घेऊनच पुढे जा. जाऊन-येऊन दीड तास पुरतो.

माथ्यावर काही म्हणजे काही नाही. राजवाडा, तटबंदी, झोपड्या हे सगळं इथे महिनोन्‌महिने खपून बांधलं होतं आणि चित्रीकरण झाल्यावर पूर्ण काढलं. पण उभं राहिलं की रोहानची अवस्था कळते. चारही बाजूंनी मोकळं मैदान, पलीकडे बर्फाचे डोंगर, आडोशाला एक झाडसुद्धा नाही. मदतीला धावून येईल असा शेजारी इथून नजरेच्या टप्प्यात नाही, आणि तरी हेच लोक गोंडोरची हाक आल्यावर घोड्यांवर बसून निघतात. त्या निर्णयाचं वजन मला पडद्यावर कधी इतकं जाणवलं नव्हतं. वारा भयंकर असतो. टोपी बॅगेत ठेवा, लहान मुलांचा हात सोडू नका, आणि उन्हाळ्यातही विंडचीटर हवाच.

ते घोडे जिथे पोचतात ते गोंडोरच्या राजधानीसमोरचं पेलेनॉरचं मैदान ट्वायझेल गावाजवळ आहे. जमीन खासगी असल्यामुळे आत फक्त गाइडबरोबर जाता येतं. मैदान बघून बाहेर पडायला तासभर खूप झाला. पण एक गोष्ट इथे आठवावी. चित्रीकरणातल्या स्वारांच्या गर्दीतल्या कितीतरी जणी स्थानिक घोडेस्वार बायका होत्या, दाढ्या चिकटवून पुरुष झालेल्या. आणि कथेत याच मैदानावर पुरुषवेशात आलेली रोहानच्या राजाची भाची एओविन, मेरी या हॉबिटच्या साथीने, सौरॉनच्या सेनापतीला मारते.

परत वेलिंग्टन, तिथून उत्तरेला वायउरू आणि पुढे डेझर्ट रोड. ब्लॅक गेट या मॉर्डोरच्या दारासमोरचा प्रसंग या वैराण रांगीपो पठारावर, लष्कराच्या सराव क्षेत्रात चित्रित झाला, आणि सैन्यात उभे होते ते न्यूझीलंडच्या लष्करातले खरे जवान. आपण जिंकणार नाही हे माहीत असूनही मूठभर फौज दारावर चालून जाते, कारण सौरॉनची नजर आपल्याकडे वळली तरच अंगठी घेऊन निघालेले दोन हॉबिट ज्वालामुखीपर्यंत पोचतील. गाडी फक्त थांबायला केलेल्या जागीच थांबवा. पलीकडे लष्करी हद्द आहे, न फुटलेल्या दारूगोळ्याच्या पाट्या आहेत, कुंपण ओलांडायचा विचारही नको. हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता कधीकधी बंद होतो.

अंगठी जिथे टाकायची तो ज्वालामुखी, डूमचा डोंगर, म्हणजे न्गाउरुहोए, 2291 मीटर. त्याच्या पायथ्यातून टोंगारीरो अल्पाइन क्रॉसिंग ही पायवाट जाते, साधारण 20 किलोमीटर, सात ते आठ तास. उन्हाळ्यात मांगाटेपोपोला, जिथून चाल सुरू होते तिथे, गाडी दिवसभर लावता येत नाही, म्हणून शटल आधीच ठरवा. वाटेत प्यायचं पाणी नाही, माणशी किमान दोन-तीन लिटर घ्या. सगळ्यात उंच जागा रेड क्रेटर, 1886 मीटर. तिथून एमराल्ड तळ्यांकडची उतरण सरळ घसारा आहे. टाच रोवत, अंतर ठेवून उतरा, काठी असेल तर बरं.

न्गाउरुहोएवर चढू नका. ही शिखरं माओरींना, इथल्या मूळ रहिवाशांना, पवित्र आहेत. न्गाटी तूफारेटोआ जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी 1887 साली ती राष्ट्राच्या हवाली केली, त्यातूनच हे राष्ट्रीय उद्यान झालं. शिखरावर चित्रीकरणही झालेलं नाही. तळ्यांच्या पाण्यालाही हात लावायचा नसतो. बरेच पर्यटक हे वाचूनही वर जातात, मला ते अजिबात पटत नाही.

हवा बिघडली तर क्रॉसिंगचा हट्ट सोडा आणि गाडीने फाकापापाच्या स्की मैदानापर्यंत जा. कथेच्या सुरुवातीची शेवटच्या युतीची लढाई, एल्फ आणि माणसं खांद्याला खांदा लावून लढतात ती, शेजारच्या रुआपेहू ज्वालामुखीच्या याच काळ्या लाव्हाच्या उतारावर चित्रित झाली. गाडीतळापासून थोडं चाललं की मीड्स वॉल हा कातळकडा येतो आणि ढग हटले तर समोर अख्खा न्गाउरुहोए. हिवाळ्यात वर जायला टायरला साखळ्या लागू शकतात, निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघून घ्या.