भविष्यातून आलेला गाळ

ही गोष्ट लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात चूक माझीही आहे. पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

आमचं काम लोणारचं. तळ्याच्या गाळाचा कोर, म्हणजे पाइप दाबून काढलेला चिखलाचा उभा दांडा. 2014 साली छापून आलेल्या एका अभ्यासात लोणारच्या गाळात गेलुसाइटचे स्फटिक सापडले होते. पाणी आटून फार खारट झालं की हे खनिज तयार होतं, आणि त्यावरून साधारण 4600 ते 3900 वर्षांपूर्वी मोठा कोरडा काळ होता असं दिसलं. आम्हाला आमच्या छोट्या कोरमध्ये तोच पट्टा शोधून त्याचं वय काढायचं होतं.

लोकांना वाटतं चिखल मशीनमध्ये टाकला की वय बाहेर येतं. तसं नसतं हो. वय काढतात ते सी-14 वरून, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी अणूंवरून; झाड मेलं की ते हळूहळू कमी होत जातात, म्हणून जितके कमी तितकं वय जास्त. तळ्यातलं शेवाळ पाण्यातला कार्बन घेतं, तो आधीच जुना असू शकतो, मग गाळाचं वय उगाच शेकडो वर्षं जास्त दाखवतं. म्हणून हवेतून कार्बन घेणाऱ्या, काठावरच्या झाडांचे तुकडे शोधायचे. मी दोन महिने चाळणीतून चिखल धुतलाय, मायक्रोस्कोपखाली नखाएवढं पान, एखादी बी, काडीचं टोक, चिमट्याने उचलून फॉइलमध्ये, कापूस नाही, कागद नाही, कारण त्यांचा आजचा कार्बन लागला तर वय कमी येतं. या कामाचा मला खरंच अभिमान आहे, सांगून टाकते. एएमएसला, म्हणजे हे सी-14चे अणू मोजणाऱ्या मशीनला, मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, त्यामुळे काडीसुद्धा सोन्यासारखी.

तर सहा सॅम्पल मोजणीच्या लॅबला पाठवले आणि एका सकाळी तिकडच्या लॅबमधून फोन. ईमेल नाही, फोन! म्हणजे गडबड आहे हे तिथेच कळलं. पलीकडून प्रश्न, 'तुम्ही बायोमेडिकल सॅम्पल पाठवलंय का?' मी म्हटलं नाही हो, झाडाची काडी आहे, बऱ्याच खालच्या थरातली. ते म्हणाले, तुमच्या काडीत आजच्या हवेपेक्षा साडेतीनपट सी-14 आहे, आम्ही मशीन थांबवलंय.

साडेतीनपट! अणुचाचण्यांमुळे 1963च्या सुमारास हवेतलं सी-14 वाढलं तेव्हासुद्धा ते दुप्पटीच्या आसपासच गेलं होतं. म्हणजे निसर्गात अशी काडी कधी उगवलेलीच नाही. सरांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले, 'भविष्यातून आलीय वाटतं.' मला हसू आलं नाही, कारण तिकडच्या लोकांना मशीनचे भाग काढून साफ करावे लागणार होते.

नैसर्गिक कार्बनमध्ये लाख कोटी अणूंमागे साधारण एक अणू सी-14 असतो. बायोलॉजीवाले प्रयोगासाठी जे सी-14 घालून लेबल केलेलं ग्लुकोज वगैरे वापरतात त्यात जवळपास प्रत्येक रेणूत तो असू शकतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा आमच्या कामाची वाट लावायला पुरे. तिकडून फिल्टर पेपर आले, अल्कोहोलमध्ये भिजवून टेबल, चिमटे, फ्रिजचं हँडल, सगळं पुसून परत पाठवलं. मधे एक साहेब गायगर काउंटर घेऊन आले, फिरवला, 'क्लीन आहे' म्हणून चहा पिऊन गेले. सी-14चे बीटा किरण इतके कमजोर असतात की आम्हाला घातक ठरणारा डाग त्या यंत्राला कळतसुद्धा नाही, पण रजिस्टरवर सही झाली ना, बास.

फ्रिजचा खालचा ड्रॉवर. तिथेच निघालं.

लॅबमधल्या मामांना विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, तो पलीकडच्या बिल्डिंगमधून आणलाय, निर्लेखनातला, चालू होता म्हणून टाकवला नाही.' दारावर गणपतीचं स्टिकर होतं, कोपरा उचलून बघितला तर खाली आधीच्या स्टिकरचा चिकट पिवळा तुकडा, किरणोत्साराच्या धोक्याच्या खुणेतल्या तीन पात्यांपैकी एक पातं स्पष्ट दिसत होतं. कोणी काढलं, कोणी लावलं, विचारायची सोय नाही.

आणि माझी चूक. सॅम्पलच्या फॉर्मवर चक्क प्रश्न असतो, तुमच्या इमारतीत सी-14 ट्रेसर (म्हणजे तेच लेबल केलेलं ग्लुकोज वगैरे) कधी वापरलेत का? मी न विचारता 'नाही'वर टिक केली होती. सगळेच करतात, पण टिक माझी होती.

आता खरी अडचण. बाकीची पाच वयं व्यवस्थित आलीत, वरून खाली ओळीने वाढत जाणारी. सर म्हणतात, 'क्रम बरोबर आहे ना, मग वापर की.' पण तीही त्याच ड्रॉवरमध्ये होती. खरं वय 4000 वर्षं असलेल्या काडीत आजच्या पातळीच्या फक्त एक टक्क्याएवढं सी-14 बाहेरून घुसलं तर वय सव्वाशे-दीडशे वर्षांनी कमी येतं आणि ते दिसायला अगदी शहाणं दिसतं. साडेतीनपटवाल्या काडीने निदान बोंब तरी मारली. आम्ही जो कोरडा पट्टा शोधतोय तोच सातशे वर्षांचा, त्यात दीडशे म्हणजे काय राहिलं?

कोरचा दुसरा अर्धा भाग नशिबाने वेगळ्या खोलीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आहे. परत चाळायचं म्हणजे परत दोन महिने, आणि मोजणीचे पैसे कुठून आणायचे ते सरांनी माझ्यावरच सोडलंय. चाळणी मी सोमवारीच काढली. नवा फॉर्मही भरायला घेतलाय, तो प्रश्न सोडून.