तुम्ही विचारलंत म्हणून: पोटभर खाऊन वजन कसं उतरतं?

"तुम्ही तर पोटभर जेवता, मग वजन उतरलं कसं?" लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई हमखास विचारते. मी तिला तासगावचा बेदाणा आठवायला सांगते.

१०० ग्रॅम द्राक्षांत साधारण ७० कॅलरी असतात. तीच द्राक्षं शेडमध्ये वाळली की १०० ग्रॅम बेदाण्यात ३०० च्या आसपास. साखर कुणी घातली नाही, पाणी उडालं एवढंच. वाटीभर द्राक्षं खायला वेळ लागतो, पोटात ती जागा धरतात. तेवढ्याच कॅलरीच्या बेदाण्याने मूठही भरत नाही, बोलता बोलता संपतो. ताटातल्या प्रत्येक जिनसाकडे मी असंच बघते: पाणी किती, चोथा किती, तेल किती.

आता आपलं कृष्णाकाठचं वांगं घ्या. १०० ग्रॅमला पंचवीसेक कॅलरी, बिचारं निरुपद्रवी! पण भरल्या वांग्यात दाण्याचं कूट येतं, वर तेलाचा तवंग. मोठा चमचाभर तेल म्हणजेच १२० कॅलरी. म्हणून आमच्याकडे हल्ली भरीत जास्त होतं, दही घालून.

बटाट्याची मात्र उगाच बदनामी झाली आहे. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ सारख्याच कॅलरीच्या मापात खायला देऊन पुढचे दोन तास लोकांचं पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं. १९९५ साली ते छापून आलं. उकडलेला बटाटा पहिला, पांढऱ्या पावाच्या तिपटीहून वर. उकडलेला बरं का. उपवासाची तुपातली भाजी हे वेगळं प्रकरण आहे.

भडंगाचं उलटं. हाताला हलकं लागतं म्हणून लोक ते बिनधास्त खातात, पण चुरमुऱ्याला तेल असतं आणि शेंगदाणे असतात. सांगलीत राहून भडंग सोडणं मला जमणार नाही. पिशवीत हात घालत नाही, वाटीत काढून घेते आणि त्यात काकडी-कांदा भरपूर चिरते.

रात्री ज्वारीची एक भाकरी, मटकीची मोठी वाटीभर उसळ, पाल्यासकट मुळा, लोणी काढलेलं ताक. उसळीतल्या प्रथिनांमुळे झोपेपर्यंत डबे उघडावेसे वाटत नाहीत. मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवणात बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

"आणि कंदी पेढा?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. साताऱ्याहून कुणी आणला तर एक खाते. त्याच्याऐवजी काय खावं, ते शोधत बसत नाही.