साहेबांचं विमान आणि माझी बीए

मी डॉक्टर आहे, पण माझ्याकडे आजारी माणसं क्वचितच येतात. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उड्डाणाआधी पायलटांची ‘बीए’ घ्यायची, म्हणजे नळीत फुंकायला लावून दारूचा अंश नाही ना हे बघायचं, हे माझं काम. एअरलाइनवाले येतात, तसे खासगी विमानांचेही येतात. नियम सगळ्यांना एकच: उड्डाणाआधी बारा तास दारू नाही आणि यंत्रावर आकडा ०.०००. मालक स्वतः विमान चालवत असेल तर त्यानेही फुंकायचं. जेआरडींनी १९२९ मध्ये भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळवलं, रतन टाटाही स्वतः जेट चालवायचे. तसा कोणी मालक आला तर त्यालाही माझ्या टेबलापुढे उभं राहावंच लागेल.

डिसेंबरातली सकाळ होती. एका मोठ्या उद्योगपतींचं हॉकर ८०० हे खासगी जेट दिल्लीला निघायचं होतं. (कोण ते विचारू नका, सांगणार नाही.) कॅप्टन आले, हवाई दलातून निवृत्त झालेले. फुंकले, शून्य, सही केली. मागून को-पायलट आला. तरुण पोरगा, युनिफॉर्मला कडक इस्त्री. त्याने फुंकलं आणि यंत्राने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. यंत्राच्या आत फ्युएल सेल असतो. श्वासातलं अल्कोहोल त्यावर पोचलं की बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा निघतो. शून्य असेल तर पटकन येतो. या वेळी आला ०.०२१.

‘‘मॅडम, माउथवॉश केलं होतं,’’ तो म्हणाला. तसं पायलटांना माउथवॉशही बंद आहे, पण ते असो. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं थांबून दुसरी चाचणी घ्यायची असते. त्याला चूळ भरायला, तोंड धुवायला पाठवलं. माउथवॉशचं अल्कोहोल तोंडातच असतं, तेवढ्या वेळात उडून जातं. रक्तात उतरलेलं मात्र यकृत आपल्या गतीने काढतं, त्याला घाई करता येत नाही. म्हणून दुसरा आकडाच खरं काय ते सांगतो. त्याच्याआधी त्याच यंत्रात मी स्वतः फुंकले, तोही नियमच आहे. ०.०००. मग तो फुंकला. ०.०१८.

त्याने प्रिंटरमधून बाहेर येणाऱ्या पट्टीकडे बघितलं आणि खुर्चीत बसला. टोपी मांडीवर ठेवली. पहिल्यांदा सापडलं की लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्दच. हे मी त्याला सांगायची गरज नव्हती.

यानंतर खरी गंमत सुरू झाली. साहेबांचे सेक्रेटरी आले. ‘‘मॅडम, विमान कोणाचं आहे माहितीये ना तुम्हाला?’’ माहिती होतं. ‘‘मग कॅप्टन एकटे नेतील ना, ते तर ठीक आहेत!’’ छोट्या सायटेशन सीजे जातीच्या काही विमानांना एक पायलट चालतो, हॉकरला दोन लागतातच. हे मी सांगावं आणि त्यांनी ऐकावं, असं काही झालं नाही. त्यांनी दोन-तीन फोन लावले. मलाही एक फोन आला. पलीकडून ‘‘जरा बघा ना’’ एवढंच. मी पट्टी फाइलला लावली आणि रिपोर्ट लिहायला घेतला. मालक मंडळी माझ्याशी भांडल्याचं मला आठवत नाही. भांडतात ती त्यांची माणसं, आणि तीही बहुधा मालकाला आपली धावपळ दिसावी म्हणून.

शेवटी साहेब स्वतः आले. सत्तरीच्या पुढचे, साधा शर्ट, हातात स्टीलची पाण्याची बाटली.

‘‘किती आकडा आला?’’

‘‘शून्य पाहिजे होता. पहिला एकवीस, दुसरा अठरा.’’

‘‘मग प्रश्नच मिटला,’’ ते म्हणाले आणि सेक्रेटरींकडे वळले, ‘‘तिकीट बघा. आणि याला घरी सोडायला गाडी द्या, गाडी चालवत जाऊ देऊ नका.’’ पोराकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

खासगी विमानाच्या मालकाला बरंच काही विकत मिळतं. जादा फी भरली की शेपटावरची नोंदणीची अक्षरंसुद्धा आवडीची. विजय मल्ल्यांच्या एअरबस ए३१९ वर व्हीटी-व्हीजेएम असं होतं, नावातलीच अक्षरं. कर थकले तेव्हा तेच विमान मुंबई विमानतळावर वर्षानुवर्षं उभं राहिलं आणि २०१८ मध्ये लिलावात गेलं. लोहगावात तर मालकी आणखी पातळ होते, कारण धावपट्टी हवाई दलाची. सुखोईंचा सराव सुरू असेल तर प्रवासी विमानं थांबतात, मग तुमच्या आठ खुर्च्यांचं कौतुक कोणाला?

दुसरा को-पायलट मुंबईहून निघाला होता, पण रस्त्याने. एक्स्प्रेस-वे सुटसुटीत, पण वाकडपासून पुढे काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. तोवर ठरलेली वेळ गेली. नवा फ्लाइट प्लॅन, त्यासाठी हवाई दलाकडून पुन्हा एडीसी नंबर (म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी), हे सगळं कॅप्टन फोनवर शांतपणे करत होते. बाहेर सुखोई उठलं की त्यांचं बोलणं मध्येच थांबायचं, आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे.

साहेबांना नेहमीच्या विमानात जागा मिळाली, मधली. सेक्रेटरी माफी मागत मागे धावत होते.

मुंबईचा पायलट दुपारी पोचला. फुंकला, शून्य, सही. हॉकर संध्याकाळी दिल्लीला गेलं, आठही खुर्च्या रिकाम्या, कारण साहेबांना रात्री परत यायचं होतं.