ऊस आला की पट वाढतो

वाळवा तालुक्यातल्या आमच्या झेडपी शाळेत दिवाळीनंतर पट वाढतो, कारण बीडकडनं ऊसतोड टोळ्या येतात अन् कोपीवरची, म्हणजे त्यांच्या झोपड्यांतली, पोरं वर्गात बसतात, गावातली निम्मी तर पिवळ्या बसनं इंग्लिश मीडियमला जातात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं (आरटीई २००९) दाखला नसला तरी प्रवेश द्यायचाच, ६० पोरांपर्यंत दोन मास्तर, पण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती मास्तर मिळणार ते ठरवणं, साधारण ३० सप्टेंबरच्या पटावर होते, ही पोरं येतात त्यानंतर, मग ती मोजणार कोण? मला याचा फार त्रास होतो. परवा एक पोरगी धाकट्याला कडेवर घेऊनच आली, हातावर पाचटाचे चरे, पाटी मागितली अन् त्याला मांडीवर निजवून बाराखडी गिरवत बसली.